उघडलेलं पेव

३ डिसेंबर १९६५

आज अंबुबाईंच्या घरी समितीची बैठक. परदेशातून येणारी दुधाची पावडर आणि मक्याचं पिवळं पीठ आता येणार नाही. कधीपर्यंत, ते कोणालाच माहीत नाही. शहरातल्या श्रीरामपूर वस्तीतल्या आमच्या बालवाडीचं स्वयंपाकघर त्यावरच चालत होतं. अंबुबाई अध्यक्ष आहेत. म्हणाल्या, बिस्किटांचा एक ठेकेदार ओळखीचा आहे, डबे घरपोच देतो, चुलीची कटकट संपेल.

मी म्हटलं, गिरणी कामगारांची मुलं आहेत ही. घरी रागी खातात. पुण्याकडच्या पाहुण्या जिला नाचणी म्हणतात तीच. शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना रागीचीच शेतं आहेत. तिथूनच घेऊ या. शेंगदाणे, गूळ, हुरळी म्हणजे आपले कुळीथ, सगळं तिथलंच.

"आणणार कोण?" अंबुबाईंनी विचारलं.

"मी माणूस शोधते."

"तुम्हाला पसंत पडेल असा?"

सगळ्या हसल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळाली आहे. तोवर जमलं तर स्वयंपाकघर राहील. नाही तर बिस्किटं, आणि मुनियम्माला निरोप. मुनियम्मा आमची स्वयंपाकीण. एकटी राहते, कमी बोलते. तिच्या आधीच्या बाईला मी काढलं, कारण ती गूळ आपल्या दिराच्या दुकानातून आणत होती. गूळ चांगला होता. प्रश्न गुळाचा नव्हता.

घरी येऊन अण्णाला सांगितलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून माझा हा भाऊ माझं सगळं लक्ष देऊन ऐकतो, दुसरं काम नसल्यामुळे. म्हणाला, "तीनशे वर्षं आपलं मराठी घराणं या कानडी गावात आहे, मालन. अजून तुझा इथे कोणावर विश्वास बसलेला नाही. उन्हाळ्यापर्यंत बसवायचा म्हणजे घाई होते."

७ डिसेंबर

यशवंतपूरच्या बाजारात सकाळ गेली. बालवाडी म्हटल्यावर मोठे दलाल पुढच्या दुकानाकडे बोट दाखवत होते. शेवटी मल्लाप्पा भेटला. देवनहळ्ळी, येलहंक्याच्या बाजूच्या खेड्यांतून धान्य गोळा करतो आणि शहरातल्या खाणावळींना, वसतिगृहांना पोचवतो. अर्धी लॉरी त्याची आहे, अर्धी भावाची.

"तुमची कोणती अर्धी?"

"बिघडते ती, अक्का."

मी हसले नाही. बाजारात हसलं की भाव चढतो.

"मुलं केवढी आहेत?" त्याने विचारलं.

"धान्य विकणाऱ्याला वयाशी काय करायचंय?"

"लहान असतील तर बारीक दळावं लागेल. आणि तुमच्या आवारात चिंच आहे. तिच्याखाली वाळवण सुकत नाही. पत्र्यावर टाकायला सांगा."

सौदा ठरला. त्याला लगेच सगळं मान्य होतं, हे मला आवडलं नाही. रेल्वेसारखा सरळ चालणारा माणूस व्यापारात नसतो. परत येताना लक्षात आलं, चिंचेच्या झाडाबद्दल मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

१८ डिसेंबर

पहिली पोती आठवड्यापूर्वी आली. नवी रागी, तांबूस, कोरडी. पोत्याच्या तळात हात घालून पाहिलं. वरच्यासारखीच होती. तरी मूठभर भिजवून फडक्यात बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड आले. धान्याच्या बाबतीत मी मोडांवर विश्वास ठेवते. त्यांना बोलता येत नाही.

मुनियम्माने मोडाची रागी वाळवली, भाजली, दळून आणली, वस्त्रगाळ केली. गूळ घालून पेज. मुलांनी वाट्या चाटल्या. एका मुलाने वाटी डोक्यावर घातली आणि ती तशीच घालून घरी निघाला.

मल्लाप्पा पोती उतरवायला स्वतः आला होता. मुनियम्मा त्याच्यासमोर आली नाही. तो गेल्यावर बाहेर आली. मी विचारलं, "ओळखतेस का याला?"

"बाजारातला आहे ना, अक्का."

हे उत्तर नाही. पण खोटंही म्हणता येत नाही.

१५ जानेवारी १९६६

काल संक्रांत. मुलांना तीळ, खोबरं, शेंगदाणे, गूळ वाटला. सगळं मल्लाप्पाकडून. अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगाही तो बोलल्याप्रमाणे आणतो. सोलताना सबंध आवाराला वास येतो. अंबुबाई पाहायला आल्या. पेज चाखली. म्हणाल्या, "सगळं इतकं सुरळीत चाललंय, मालनबाई. तुम्हाला झोप लागते का?"

विनोदाने म्हणाल्या. पण खरं आहे. महिना झाला, एक पोतं कमी नाही, एक शेंग किडकी नाही. असं कोणी कोणासाठी का करेल?

मल्लाप्पा म्हणाला, गेल्या साली पाऊस पडला नाही, नवी रागी महिनाअखेर संपेल.

"मग?"

"बघतो. गावात विचारतो." आणि त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

२ फेब्रुवारी

रेल्वे फाटकापलीकडच्या बालवाडीची चूल बंद झाली. तिथली मुलंही आता आमच्याकडे बसतात. मल्लाप्पाला सांगितलं, सुट्टीपर्यंत जास्त रागी लागेल, दर हप्त्याला.

त्याने बोटांवर हप्ते मोजले. मग म्हणाला, "एवढी हवी तर एकच जागा आहे. पण मध्येच नको म्हणू नका, अक्का. उघडलं की मिटत नाही. सगळं काढावंच लागतं."

"मी शब्द फिरवत नाही."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला.

काय उघडायचं ते मी विचारलं नाही. भाव वाढवण्यापूर्वी व्यापारी असंच कोड्यात बोलतात. भाव त्याने वाढवला नाही. हे मी दोनदा ताडून पाहिलं.

मुनियम्माने आज गावी जायला रजा मागितली. इथे लागल्यापासून पहिल्यांदाच. कशासाठी, तर म्हणाली, "स्वल्प काम आहे." दिली. तिने रजा मागावी आणि तीही आजच, हे लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

परवा नवीन पोती आली. तोंड सोडलं आणि मागे सरले. मातीचा वास. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा असतो तसा. दाणे काळपट. मूठभर भिजवली. दुसऱ्या दिवशी मोड नाहीत. फेकून दिली.

मुनियम्मा म्हणाली, "आधी उन्हात घालू या, अक्का. मग भिजवू. थांबावं लागतं."

"हा वास उन्हाने जातो हे तुला काय ठाऊक?"

ती सूप घेऊन पत्र्यावर चढली.

१५ फेब्रुवारी

पेज केली. दुसरं काही नव्हतं. मी आधी एक वाटी प्यायले आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. काही झालं नाही. मुलांनाही काही झालं नाही. वास जवळजवळ गेला होता. फाटकापलीकडची एक मुलगी तिसऱ्यांदा वाटी घेऊन आली. पण भुकेल्याची साक्ष काढण्यात अर्थ नाही.

१९ फेब्रुवारी

मल्लाप्पाला थेट विचारलं, ही रागी कुठली.

"पेवातली."

"कुठलं पेव?"

"आमच्या हुणसेकट्ट्याचं. देवनहळ्ळीच्या पुढे. नवी संपली, अक्का. ही ठेवणीतली. जमिनीत पाच वर्षं होती. खायला नव्यापेक्षा हलकी."

"कोणाचं पेव?"

"गावातल्याच एकाचं." पुन्हा त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "कोणाचं का असेना. मुलांसाठी उघडलंय."

मुलांसाठी. ज्या वर्षी कोपऱ्यावरच्या रेशनच्या दुकानासमोर बायका पहाटेपासून पिशव्या ठेवून रांग धरतात, त्या वर्षी कोणीतरी जमिनीखालची पाच वर्षांची रागी मुलांसाठी उघडतो आणि आपलं नाव सांगत नाही.

अण्णाला म्हटलं, "जमिनीखाली धान्य दडवणाऱ्याला काय म्हणतात ते पेपरात रोज येतंय."

"आपल्या आजोळी पेव होतं," अण्णा म्हणाला. "मामा आत दिवा सोडायचे. विझला तर म्हणायचे, अजून श्वास घेतंय, थांबा. मग सगळं गाव टोपल्या घेऊन."

"तो काळ वेगळा."

"पेपरवाल्यांच्या घरी पेव नसतं एवढंच," असं म्हणून तो पेपर वाचू लागला.

२४ फेब्रुवारी

आज पाहिलं. मी पुढच्या खोलीत आहे असं मल्लाप्पाला वाटलं असावं. तो मागच्या दारी उभा होता आणि मुनियम्माला 'तंगी' म्हणत होता. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्याने तिला एक गाठोडं दिलं. तिने ते डोळ्यांना लावलं. तो गेल्यावर मी गाठोडं सोडायला लावलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, एक हिरवा खण.

"हे काय?"

"ओटी आहे, अक्का."

"धान्याचे व्यापारी कधीपासून ओट्या भरायला लागले?"

तिने गाठोडं पुन्हा बांधलं.

आता सगळी साखळी दिसते. ही त्याला इथली खबर देते, चिंचेच्या झाडासकट. तो दडवलेलं धान्य इथे मुलांच्या नावावर खपवतो. तिला तिचा वाटा खणा-नारळाच्या रूपात. पैसे दिले असते तर मी इतकी चिडले नसते. ओटी म्हणजे कोणी काही विचारायचं नाही, असा हिशेब.

रात्रभर वाटत होतं, मुलं हे पितात. माझ्या हाताने पितात.

२६ फेब्रुवारी

सरकारी कचेरीत जाऊन आले. टेबलामागच्या गृहस्थांनी पूर्ण ऐकून घेतलं. मी म्हटलं, आरोप नाही करत, चौकशी करा. साठा मर्यादेत असेल तर काहीच प्रश्न नाही.

ते म्हणाले, "तुमचं नाव नको. गावाचं पुरे."

हुणसेकट्टे. मी स्पष्ट उच्चार करून सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं.

येताना फार हलकं वाटलं. गांधीबाजारात उतरून अण्णासाठी शेवंती घेतली, देवासमोर ठेवायला. त्याने विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही," म्हटलं.

४ मार्च

मल्लाप्पा रिकाम्या हाताने आला. पायरीवर बसला. यापूर्वी कधी बसला नव्हता.

"पेवाला सील लागलं, अक्का. सरकारी माणसं आली होती. मोजणी होईपर्यंत हात लावायचा नाही."

"निर्दोष असेल तर सुटेल."

"निर्दोषच आहे. पण अर्धंच काढलं होतं. तोंडावर फळी ठोकलीय, त्यावर लाख. एरवी पाणी आत उतरू नये म्हणून दगड ठेवतो, वर माती लोटतो, चोपून ढीग करतो. आता माती टाकू देत नाहीत. लाख दिसली पाहिजे म्हणतात."

"मोजणीला किती दिवस?"

"ते त्यांनाच ठाऊक." त्याने वर पाहिलं. आभाळ पांढरं, कोरडं होतं. "आभाळाला थांबायला सांगू या."

मी त्याला पाणी दिलं. तो वरून प्यायला, भांडं विसळून त्याने उपडं ठेवलं. कोणी सांगितलं असेल, हे त्याने विचारलं नाही. ज्याने काही केलेलं नसतं तो विचारतोच ना?

११ मार्च

रागी संपली. हुरळी उकडून दिली, दोन दिवस. अंबुबाईंचे बिस्किटांचे डबे आले. मुलं बिस्किट पाण्यात बुडवतात आणि विरघळून खाली पडलं की रडतात. फाटकापलीकडची ती मुलगी बिस्किट खात नाही, मुठीत धरून घरी नेते. तिच्याकडे धाकटं कोणी असावं.

मुनियम्मा दोन दिवस आली नाही.

१३ मार्च

मुनियम्मा आली. चूल पेटवली, हुरळी टाकली, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलू लागली. इतकं ती कधीच बोलली नव्हती. जमेल तसं लिहिते.

गावच्या देवीची जत्रा होती. ती माहेरी गेली होती. हुणसेकट्टे तिचं माहेर. पेव तिच्या चुलत्याचं, मुनिशामप्पाचं. त्यानेच तिला वाढवलं. मल्लाप्पा त्याच गावचा, लहानपणापासून तिला तंगी म्हणतो. आम्हाला माणूस हवाय हे तिनेच त्याला कळवलं होतं.

"चुलता नाही म्हणाला होता, अक्का. यंदा पाऊस नाही, उघडणार नाही म्हणाला. मी त्याच्या दारात बसले. जेवले नाही. सांगितलं, या एवढाल्या मुलांना द्यायचंय. मग उघडलं. ओटी पाठवली, रागावलो नाही म्हणून."

"आणि आता?"

"आता जत्रेत कोणी बोललं नाही. चुलती आतूनच म्हणाली, उघडायला हीच आली होती, सरकारला सांगायलाही हीच. शहरातली झालीय. चुलत्याने दार लावून घेतलं. दिवसा दार लावून घेतलं."

हुरळी उतू जात होती. तिने झाकण बाजूला केलं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस? 'माझ्या घरचं धान्य आहे' असं?"

तेव्हा ती वळली. "मागच्या बाईला काढलंत ना, अक्का. दिराच्या गुळावरून."

मीच कचेरीत गेले होते हे तिला माहीत आहे का, हे आधी मनात आलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. काही दिसलं नाही. काही दिसलं नाही याचीही शंका आली. मग वाटलं, ही गोष्ट माझ्याकडून काही वदवून घेण्यासाठी रचलेली असू शकते. हे वाटलं ते लिहून ठेवते, कारण ते वाटलं.

रचलेली नाही. मला तो हिरवा खण आठवतो.

१५ मार्च

कचेरीत गेले. तेच गृहस्थ. म्हटलं, हुणसेकट्ट्याच्या पेवात गैर काही नाही. मी केलेली तक्रार मागे घेते.

"कोणती तक्रार?"

मी सांगितलं.

"कोणी केली ते नोंदवलेलंच नाही. मग मागे कोण घेणार, अम्मा?" त्यांना खरंच माझी दया आली असावी. चहा मागवला. म्हणाले, मोजणीदार कोलारच्या बाजूला गेलेत, परतले की होईल. काळजी करू नका, धान्य कुठे पळून जात नाही.

चहा प्यायले. नाही म्हणता आलं नाही.

३० मार्च

युगादी झाली. मल्लाप्पा फिरकला नाही. त्याच्या ओळखीच्या लॉरीवाल्याकडून शेंगदाणे येतात, वेळेवर. अंबुबाईंनी विचारलं, "मग, बिस्किटंच ना आता?"

"सुट्टीपर्यंत मुदत आहे," म्हटलं.

"तुमच्या त्या माणसाने फसवलं म्हणतात."

"नाही."

"मग कोणी?"

त्या उत्तराची वाट पाहत होत्या. मी दप्तर आवरलं.

अण्णाला मात्र सांगितलं. कचेरीत गेले होते ते, सगळं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "शेवंतीच्या दिवशी का?" एवढंच म्हणाला.

९ एप्रिल

संध्याकाळी आंब्याचा पाऊस झाला. आधी वारा, मग गारा. गल्लीतली मुलं गारा वेचत होती. अण्णा म्हणाला, हवा गार झाली. खिडकी लावायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. गादीचा कोपरा भिजला.

१० एप्रिल

आजही पाऊस.

१९ एप्रिल

मल्लाप्पाचा निरोप. मोजणी झाली. साठा मर्यादेत होता. सील काढायला उद्या माणूस येणार. मी कळवलं, मीही येते, मुनियम्माही येईल. त्याने उलट निरोप दिला, तिला आणू नका. मी म्हटलं, आणणार.

२० एप्रिल

बसने येलहंका, देवनहळ्ळी. तिथून मल्लाप्पाच्या बैलगाडीने. मुनियम्मा गाडीत मागे तोंड करून बसली होती. गाव दिसल्यावर तिने पदर नीट केला.

पेवाचं तोंड अंगणाच्या कडेला. जेमतेम माणूस उतरेल एवढं. फळी फुगून वर उचलली होती. लाल लाख शाबूत होती. सरकारी माणसाने ती तपासली, फोडली, सही घेतली आणि सायकलवरून निघून गेला. त्याचं काम चोख झालं होतं.

दोरीला बांधून कंदील आत सोडला. विझला. थांबलो. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. बऱ्याच वेळाने जळत राहिला. एक माणूस उतरला. पहिली टोपली वर आली ती जड होती. आत धान्य नव्हतं, ढेकूळ होतं. काळं, आंबलेलं. त्याच्या वरच्या बाजूने मोड फुटले होते. लांब, पांढरे, एकात एक गुंतलेले.

मी एक उचलून तळहातावर घेतला. याच रागीची मूठ मी मोड येत नाहीत म्हणून दुसऱ्याच दिवशी फेकून दिली होती.

"तळाची काही निघेल," मल्लाप्पा म्हणाला. "गुरांना."

मुनिशामप्पा म्हातारा आहे, उंच आहे. माझ्यासाठी घोंगडी टाकली. तांब्यातून पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मुनियम्मा अंगणाबाहेर गाडीच्या चाकाशी उभी होती. तिला कोणी या म्हटलं नाही. पाणीही दिलं नाही. बाया दारातून माझ्याकडे बघत होत्या. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मी तांब्या खाली ठेवला. कानडीत म्हटलं, "सरकारला मी सांगितलं. मुनियम्माने नाही. मी कचेरीत गेले होते."

म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली.

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, अम्मा. आपल्या माणसाला सांभाळून घ्यावं. आम्हीही घेतलं होतं."

"हे खरं आहे. मी स्वतः गेले होते."

"धान्य तुमच्याच मुलांना चाललं होतं. तुम्ही कशाला सांगाल?"

माझ्याकडे उत्तर होतं. खण, नारळ, चिंचेचं झाड, न वाढलेला भाव. तिथे त्या टोपलीजवळ उभं राहून ते कोणत्याच भाषेत सांगता येईना.

"कचेरीत तुमचं नाव लिहून घेतलं असेल?" म्हाताऱ्याने विचारलं, समजुतीने, लहान मुलाला विचारावं तसं.

"नाव नको म्हणाले."

"बघा." दारातल्या बाया हसल्या. वाईट हसणं नव्हतं. चुलती म्हणाली, "पोरीने बाई बरी गाठलीय. तिच्यासाठी खोटंही बोलते."

मल्लाप्पा मात्र हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. मग बैल जोडायला गेला. बसस्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "शेंगदाण्याची गाडीही आता जमणार नाही." अक्का म्हणाला नाही.

बसमध्ये मुनियम्मा माझ्या मागच्या बाकावर बसली. थोड्या वेळाने पुढे वाकून म्हणाली, "मी ऐकलं, अक्का. चाकापाशी ऐकू येत होतं."

मी वाट पाहिली.

"माझ्यासाठी एवढं कोणी केलं नाही," ती म्हणाली. "इतक्या माणसांत स्वतःवर घेतलंत."

मी नाही म्हणायला हवं होतं. येलहंका आलं. माणसं चढली, टोपल्या चढल्या. जागा करायला ती पुढे येऊन माझ्याशेजारी बसली. पदराच्या गाठीतून गुळाचा एक खडा काढला, अर्धा मला दिला. तोंडात धरून ठेवला. घर येईपर्यंत विरघळला नाही असं वाटत होतं.

२३ एप्रिल

काल आणि आज, दोन्ही दिवस सांगायचं ठरवून गेले. काल ती चुलीशी गात होती. तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

आज अंबुबाईंचा निरोप आला, शेवटचं विचारतात. फाटकापलीकडची मुलगी दारात वाटी घेऊन उभी होती, रिकामी. मी मुनियम्माला विचारलं, रागी देईल असं तुझ्या ओळखीचं कोणी आहे का. कोणी नातेवाईक असला तरी चालेल, म्हटलं.

तिने सूप खाली ठेवलं आणि खरोखर आठवून पाहिलं.

"आता कोणी नाही, अक्का," म्हणाली.